उभ्या गाडीचं ॲव्हरेज

शाळा सुटायला अजून पाव तास असतो. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, काचा वर, आत एसी आणि इंजिनं चालू. या गाड्यांचं त्या वेळचं ॲव्हरेज शून्य असतं.

लहान पेट्रोल कार न्यूट्रलमध्ये तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळते; एसी असेल तर आणखी जास्त. रोज वीस मिनिटं धरली तरी महिन्याचे दहा तास होतात. म्हणजे किमान पाच लिटर, तेही जागेवरून न हलता.

‘सारखा सेल्फ मारला की पेट्रोल जास्त जातं,’ हे आपण घरोघरी ऐकलेलं आहे. प्रीमियर पद्मिनीच्या काळात त्यात तथ्य होतं. कार्ब्युरेटरचं इंजिन, चोक ओढा, ॲक्सिलरेटर दाबा, दोन-तीनदा सेल्फ मारा, तेव्हा कुठे ते धरायचं. आता इंजेक्टर सेन्सरच्या हिशेबाने हवं तेवढंच पेट्रोल फवारतो. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने हे मोजून पाहिलं आहे. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल, तर गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायलाच कमी इंधन लागतं.

दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम काढली. सिग्नलचा टायमर तीस-चाळीस सेकंद दाखवत असेल तर गाडी जरूर बंद करावी. पण माझ्या मते खरी उधळपट्टी सिग्नलवर नाही. ती शाळेबाहेर, क्लासबाहेर, मंगल कार्यालयाच्या आवारात आणि ‘खाली आलोय, ये’ असा फोन करून सोसायटीच्या गेटशी थांबण्यात आहे. तिथे मागून कुणी हॉर्न वाजवत नाही, तरी चावी फिरत नाही. शाळेबाहेर तर हा धूर नेमका मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटतो, आणि तो सोडणारे त्यांचेच आईबाप असतात.

सकाळी गाडी ‘गरम’ करत बसायचीही गरज नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि उभ्यापेक्षा चालत्या गाडीत लवकर तापतं. अर्ध्या मिनिटात निघावं, पहिले दोन किलोमीटर सावकाश जावं.

टर्बो डिझेल गाडी घाट चढून आली असेल, तर मात्र मिनिटभर चालू ठेवूनच बंद करावी. बॅटरी जुनी असेल तर आधी तपासून घ्यावी. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन कधीही बंद करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.