जीपचा तळ आधी, गाद्या नंतर



यंदाच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत मंडळाच्या चित्ररथापुढे आमच्या घरची जुनी जीप होती. तेव्हापासून बऱ्याच सभासदांनी विचारले, की आतून एवढी स्वच्छ कशी केलीत, गाद्या कुठे शिवल्या, आमच्याही गोठ्याशेजारी एक पडून आहे, तिचे काही होईल का? बेळगाव, खानापूर, चंदगड भागात जुन्या वाड्यांतून आणि मळ्यांतून अशा जीपगाड्या अजून पुष्कळ आहेत. प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे असे आम्हा चुलत भावंडांना वाटले. आधी आम्ही काय चुकलो ते सांगतो, कारण खर्च बहुतेक त्यातच झाला.

आमची गाडी म्हणजे महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची. आजोबांनी १९७३ साली घेतलेली, पेट्रोलची, चारही चाकांना जोर देणारी. हे बॉनेट उंच का, असे मुले नेहमी विचारतात. अमेरिकेत विलीस कंपनीने १९५३ साली या जीपमध्ये नवे इंजिन बसवले. ते आधीच्यापेक्षा उंच होते, म्हणून बॉनेटही वर गेले. तिकडे हे मॉडेल १९६८ साली थांबले, आपल्याकडे महिंद्राने ते त्यानंतरही बरीच वर्षे चालू ठेवले. त्यामुळे आपण जिला 'मिलिटरीची जीप' म्हणतो ती पुष्कळदा मिलिटरीची नसतेच, शेताची असते. आमची तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वाढलेली.

या गाडीच्या आत मुळात आहे तरी काय? दारे नाहीत. खाली उघडा पत्रा, पुढे दोन आसने, गियरच्या दांड्याशेजारी पुढची चाके जोडायचे आणि जोर वाढवायचे असे आणखी दोन दांडे, मागे चाकांच्या वरच्या उंचवट्यांवर समोरासमोर दोन बाकडी. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. वर ताडपत्रीचे हूड. मोटारीत आतल्या बाजूला जे म्हणून असते ते इथे नाही, आणि आमच्या चुकीचे मूळ तिथेच होते. मोटारीला करतात तेच आम्ही जीपला केले.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये उत्साहाने लाल रेक्झिनच्या गाद्या शिवून घेतल्या. कुशनवाल्याने सुचवले म्हणून तळाला गालिचा चिकटवला, खाली तागाचा नमदाही घातला. गाडी इतकी शोभली की शेजारचे फोटो काढायला आले. जुलै गेला, ऑगस्टमध्ये आतून कुबट वास येऊ लागला. गालिचाचा कोपरा उचलला तर खाली पाणी, आणि चालकाचा पाय टेकतो तिथे पत्राच नाही. पंजा आरपार जाईल एवढे भोक. गालिचा होता म्हणून ते दिसले नव्हते, इतकेच. कुशनवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याला आम्ही तळ दाखवलाच नव्हता.

पाणी कुठून येते हे आधी समजून घ्या. पुढची काच बिजागरीवर आडवी पडते, तिच्या खालचे रबर वाळले की पाऊस थेट पायांवर येतो. हुडाच्या कडा कधीच पूर्ण मिटत नाहीत. चिखलाचे पाय असतातच. उघड्या पत्र्यावर हे पाणी पडते आणि दोन तासांत वाळते, म्हणून आजोबांच्या काळात तळ टिकला. नमदा मात्र ते पाणी आठवडाभर धरून ठेवतो. खालच्या अंगाला तळाला ताठपणा यावा म्हणून उलट्या टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. त्यांच्या पोकळीत चाकांनी उडवलेला चिखल बसतो आणि तोही ओलाच राहतो. म्हणजे पत्रा वरून आणि खालून, दोन्हीकडून सडतो. तुमची गाडी वरून चांगली दिसत असली तरी जमिनीवर आडवे होऊन या पट्ट्या पेचकसाने टोकरून बघा. लाल भुगा पडला तर गाद्यांचा विचार पुढच्या वर्षी करा.

दुसऱ्या खेपेला आम्ही आतले सगळे काढले. आसने, बाकडी, मीटर, वायरी, सगळे. काढण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो घेतला आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवले. धाकटे काका या चिठ्ठ्यांना हसले होते, पण चार महिन्यांनी तेच वायसर कुठल्या पिशवीत म्हणून विचारत होते.

टाकीबद्दल सविस्तर लिहायलाच हवे. आम्हाला वाटले, टाकी रिकामी आहे तर राहू दे जागेवर, वेल्डिंग चार हात लांबच आहे. उद्यमबागेतल्या वेल्डरने यंत्र चालू करायलाच नकार दिला. त्याचे म्हणणे असे की भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. पेट्रोल जळते ते वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. भरलेल्या टाकीत वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत तळाशी चमचाभर पेट्रोल उरले तरी सगळी पोकळी वाफेने आणि हवेने भरते, आणि मग एक ठिणगी पुरे होते. पाण्याने धुतली तरी सांध्यांत अडकलेले पेट्रोल नंतर सुटत राहते. टाकी काढून, नळी बंद करून, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, बॅटरीही काढली, तेव्हा त्याने काम घेतले. त्याने 'होईल हो' म्हटले असते तर हा लेख लिहायला आम्ही असतो की नाही कोण जाणे. तुमचा वेल्डर टाकीबद्दल काहीच विचारत नसेल तर वेल्डर बदला.

गंजलेला भाग कापताना जीव कठोर करावा लागतो. भोकापुरते ठिगळ लावले तर वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पातळ पत्रा जळतो आणि भोक मोठे होते. म्हणून घट्ट, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचे. आम्ही १६ गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा पत्रा वापरला. सलग शिवण मारली की पत्रा तापून पापडासारखा वाकतो, यासाठी आधी लांब लांब टाके द्यायचे, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, आणि गार होऊ देत मधली जागा भरायची. मूळ तळावर उठवलेल्या पन्हळ्या नुसत्या शोभेच्या नाहीत, त्यांनी पत्रा ताठ राहतो. सपाट पत्रा टाकला तर पायाखाली डब्यासारखा वाजतो. पन्हळ्या उठवून द्यायला मेस्त्रींनी दोन दिवस जास्त घेतले, आणि ते पैसे वाया गेले नाहीत.

मग गंज घासून प्रायमर, सांध्यांत सीलर, वर रंग, आणि खालच्या बाजूलाही हेच सगळे. लांबी भरून तळ गुळगुळीत करून देतो म्हणणारे भेटतील. लांबी दिसण्यापुरती असते. तिच्याखाली गंज राहिला तर तो वाढतच राहतो. सर्वांत खोलगट जागी आम्ही दोन भोके पाडून रबरी बुचे बसवली. आता पावसातून आलो की बुचे काढायची आणि पाणी सोडून द्यायचे.

कापाकापीच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी आहे. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंतर नूतनीकरणाला ५,००० रुपये. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नको. ती रोजच्या वापराला चालत नाही. आम्ही नेहमीचीच नोंदणी ठेवली, कारण आम्हाला गावी जायचे असते. तरीही बॉडीचा आकार कुठेही बदलला नाही, जे बसवले ते बोल्टने, पुन्हा काढता येईल असे. पुढच्या पिढीला व्हिंटेज करायची असेल तर वाट बंद नको.

वायरिंगचे थोडक्यात. जुन्या कापडी वेष्टणाच्या वायरी सगळ्या नव्या घातल्या, प्रत्येक फाट्याला फ्यूज दिला, बॅटरीजवळ सगळा पुरवठा तोडणारा स्विच बसवला. रंग झाल्यावर हॉर्न बंद आणि मीटरचे काटे उड्या मारू लागले, तेव्हा दोन दिवस सगळे हैराण. कारण साधे होते. या गाडीत वीज वायरीने जाते आणि बॉडीच्या पत्र्यातून परत येते. आम्ही अर्थिंगच्या जागांवरही मनापासून रंग मारला होता. रुपयाएवढी जागा घासून उघडी केली, वायसर घट्ट केला, थोडे ग्रीस लावले, झाले.

आता गाद्या. तळाला या खेपेस काहीही चिकटवलेले नाही. पाणी न शोषणाऱ्या बंद छिद्रांच्या फोमचे तुकडे आणि त्यावर रबरी मॅट, सगळे दाबबटनांवर. पाऊस झाला की उचलून भिंतीला उभे करायचे. आवाज पूर्वीपेक्षा कमी झाला, मोटारीइतका नाही आणि होणारही नाही. वरून हूड फडफडत असताना खाली पैसे घालण्यात मतलब नाही.

फोम घेताना डेन्सिटी विचारा. २३ किंवा २८ चा हाताला मऊ लागतो पण बसल्यावर तळाला टेकतो. आम्ही ४० चा घेतला, म्हणजे घनमीटरला ४० किलो वजनाचा. जुन्या गाद्यांतला काथ्या चांगला होता तो खाली थर म्हणून ठेवला, त्यातून हवा खेळते. रेक्झिन उन्हात तापते आणि शिवणीच्या प्रत्येक भोकातून पाणी आत घेते. म्हणून बसायच्या पृष्ठभागावर एकही शिवण नको, सगळ्या शिवणी पुढच्या कडेला आणि खाली. गादीच्या बुडाला चार आयलेट, आत गेलेले पाणी बाहेर पडायला. लाल रंगही सोडला, आता गडद हिरवे जाड कॅनव्हास आहे. शिवण्याआधी फोम नुसता ठेवून घरातल्या सगळ्यांना बसवून बघा. आमचा पहिला फोम दोन इंच उंच निघाला आणि चालकाची मांडी स्टिअरिंगला घासत होती.

खरा वाद मागच्या बाकड्यांवरून झाला. त्या दोन बाकड्यांवर आणि पुढे मिळून आम्ही अकरा जण जत्रेला जात असू. घरातल्या प्रत्येकाच्या लहानपणाचा फोटो त्या बाकड्यांवरचा आहे. काहींचे म्हणणे, ती तशीच ठेवून मुलांना बसवायचे, नाहीतर एवढा खटाटोप कशाला? इतरांनी विचारले, गाडी कलंडली तर? हूड म्हणजे कापड. आडव्या बाकड्यावर बसलेल्या मुलाला धरायला काही नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ कडक आहे, आजच्या गाड्यांसारखा धडकेत दुमडणारा नाही. लोखंडी पिंजरा बसवावा असेही निघाले, पण हेल्मेट नसलेल्या डोक्याला तो उघडा पाइपच लागतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर कलम १९४-बी खाली १,००० रुपये दंड आहे, पण वाद दंडाचा नव्हताच. तीन रविवार बोलणे चालले. एका रविवारी तर चहा न घेता लोक उठले.

शेवटी असे ठरले. बाकडी राहिली, नवे कॅनव्हासही लागले, पण रस्त्यावर त्यांवर कोणी बसायचे नाही, सामान बसेल. पुढच्या दोन आसनांना कमरेचे पट्टे बसवले. पट्ट्याचा बोल्ट नुसत्या पत्र्याला लावला तर झटक्याने पत्र्यासकट उपटतो, म्हणून तळाखाली जाड लोखंडी पट्टी देऊन त्यातून आरपार घेतला. बोल्ट पट्ट्याबरोबर येतो तोच, सात-सोळांश इंची. खांद्याचा पट्टा लावायला या गाडीत खांबच नाही. त्यामुळे पट्टा लावून ही मोटार झाली असे आम्ही मानत नाही, आणि पन्नासच्या वर जात नाही.

अकरा जणांच्या गाडीत आता दोघे. यंदा जत्रेला बाकीचे एस.टी.ने गेले. पुढच्या आसनावर थोरल्या काकू. त्यांच्या गुडघ्यांसाठी बाजूला दुमडती पायरी बोल्टने लावली आहे. कमरेच्या पट्ट्याला त्या सोन्याचा कमरपट्टा म्हणतात आणि गाडी थांबली तरी लवकर सोडत नाहीत. मागे बाकड्यावर नारळांची पोती होती.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी गाद्यांची ऑर्डर देण्याआधी कोणत्याही रविवारी सकाळी मंडळात भेटावे. आम्ही येऊन तळ बघून देऊ. बॅटरी आणि पेचकस आमच्याकडे आहे, खाली अंथरायला एक जुने पोते तेवढे ठेवा.