माशांच्या पिल्लांचा पहिला घास

घरातील मत्स्यालयात माशांनी अंडी घातली, की कुटुंबात आनंद होतो. मात्र अनेकदा आठवडाभरातच बहुतेक पिल्ले मरतात आणि दोष पाण्याला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण उपासमार असते. अन्न टाकीत असते, पण पिल्लाच्या तोंडात मावत नाही.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाशी पीतकाची पिशवी असते. साधारणपणे दोन-तीन दिवस त्यावरच त्याचे पोषण होते. या काळात टाकलेले अन्न कुजून पाणी बिघडवते. पिल्ले मोकळी पोहू लागली, की मात्र अन्नास विलंब होता कामा नये.

अन्नाची निवड तोंडाच्या आकारावरून करावी. डासनिर्मूलनासाठी परिचित असलेला गप्पी आणि मॉली हे मासे थेट पिल्लांना जन्म देतात. ही पिल्ले मोठी असल्याने खाद्याची बारीक भुकटी किंवा आर्टेमियाची नवजात पिल्ले पहिल्या दिवसापासून खातात. गुरामीच्या पिल्लांना मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची ही आर्टेमियाही मोठी ठरते. त्यांना प्रारंभी पॅरामिशियमसारखे सूक्ष्मजीव, म्हणजेच इन्फ्युसोरिया लागतात. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देता येतो. परंतु तो हलत नाही, तळाशी बसतो आणि लवकर कुजतो.

इन्फ्युसोरिया घरीच तयार होतात. बरणीत पाणी घेऊन त्यात वाळलेले गवत किंवा कोबीचे पान आणि जुन्या मत्स्यालयातील थोडे पाणी घालावे. प्रथम पाणी गढूळ होते. काही दिवसांनी निवळले, की सूक्ष्मजीव वाढले असे समजावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारक असते. म्हणून ते पाणी चोवीस तास उघडे ठेवून वापरावे. पाणी साठवण्याची सवय छत्रपती संभाजीनगरकरांना नवी नाही!

आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात, हवेचा पंप लावून ठेवल्यास चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. एक लिटर पाण्यास पंचवीस ते तीस ग्रॅम मीठ पुरते. पिल्ले गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊनच टाकीत सोडावीत.

रोहू-कटल्याचे मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी मत्स्यशेतकरी तळ्यात शेण व भुईमुगाची पेंड घालून सूक्ष्मजीव वाढवतात. म्हणजे पिल्लांआधी त्यांचे ताट वाढलेले असते. हाच क्रम घरीही पाळावा. मासे जोडीस लावण्यापूर्वीच बरणी तयार ठेवावी. अंडी फुटल्यावर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.