रिपोर्टवरचे ‘सीएलआयए’ म्हणजे काय? रक्ततपासणीतला उजेड समजून घेऊ या



घरात कुणाचा थायरॉइडचा, काविळीचा किंवा गरोदरपणातल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट असेल तर तो जरा बारकाईने बघा. तपासणीच्या नावाखाली लहान अक्षरांत ‘सीएलआयए’, ‘सीएमआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ अशी इंग्रजी अक्षरे बहुधा सापडतील. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत आम्ही महिलांच्या आरोग्य बैठका घेतो, तेव्हा या अक्षरांबद्दल हमखास विचारणा होते. कुणाला ते आजाराचे नाव वाटते, कुणाला औषधाचे. खरे म्हणजे ती तपासणीची पद्धत आहे. रक्तातली अगदी सूक्ष्म गोष्ट उजेडाच्या मदतीने मोजण्याची ही पद्धत. ती समजली तर आपले पैसेही वाचतात आणि नाहक भीतीही जाते.

उजेड कुठून येतो?

पावसाच्या तोंडावर झाडाझुडपांत काजवे चमकतात. काजव्याच्या पोटात ना दिवा असतो ना आग. दोन-तीन रसायने एकत्र येतात आणि त्यातून थंड उजेड निघतो. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिकेत पुसून टाकलेले रक्तही फवारा मारताच निळे चमकते, ते रसायन म्हणजे ल्युमिनॉल. त्याचा हा गुण १९२८ साली शास्त्रज्ञांनी लिहून ठेवला. प्रयोगशाळेतही असाच रासायनिक उजेड वापरतात.

आता मोजणी कशी होते ते पाहू. आपल्या शरीरात अँटिबॉडी नावाची प्रथिने असतात. कुलपाला जशी ठराविक किल्ली लागते, तशी एक अँटिबॉडी एकाच पदार्थाला धरते. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच हे संप्रेरक मोजायचे असेल, तर टीएसएचलाच धरणाऱ्या दोन अँटिबॉडी घेतात. पहिली लोहचुंबकाला चिकटणाऱ्या बारीक कणांवर बसवलेली असते. दुसरीला उजेड देणारे रसायन जोडलेले असते. कळण्याच्या भाकरीच्या दोन तुकड्यांत ठेचा धरावा, तसे रक्तातले टीएसएच या दोघींच्या मधे अडकते. मग यंत्र लोहचुंबकाने कण धरून ठेवते आणि बाकीचे सगळे धुऊन टाकते. जे अडकले तेवढेच उरते.

दुसऱ्या अँटिबॉडीला जोडलेले रसायन अनेक यंत्रांत अ‍ॅक्रिडिनियम एस्टर असते. १९८३ साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी ते अशा तपासणीसाठी वापरून दाखवले. त्यावर आधी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग अल्कली टाकली की ते रसायन फुटते आणि काही सेकंदांपुरती निळसर चमक निघते. डोळ्यांना ती दिसणार नाही इतकी मंद असते, पण यंत्रातली नळी उजेडाचा कण न् कण मोजते. चमक जास्त तर टीएसएच जास्त, चमक कमी तर टीएसएच कमी. टी-फोरसारख्या लहान रेणूंच्या तपासणीत मात्र हिशेब उलटा असतो, तिथे उजेड कमी म्हणजे पदार्थ जास्त. काही कंपन्या ल्युमिनॉल आणि एन्झाइम वापरतात. ‘ईसीएलआयए’ असे लिहिले असेल तर तिथे उजेड विजेच्या साहाय्याने पेटवतात. तत्त्व सगळीकडे एकच.

ही विद्या आली कुठून?

या तपासण्यांची आजी म्हणजे रेडिओइम्युनोअ‍ॅसे. ती शोधणाऱ्या दोघांपैकी एक होत्या रोझलिन यालो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९२१ साली एका गरीब ज्यू घरात त्यांचा जन्म झाला. आई-वडील हायस्कूलपर्यंतही पोचले नव्हते. पदार्थविज्ञान शिकलेली ही हुशार मुलगी, पण स्त्री आणि त्यातून ज्यू, म्हणून उच्चशिक्षणाचे दार सहज उघडेना. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, तिथेच या मुलीने एका शास्त्रज्ञाची सेक्रेटरी म्हणून काम धरले. त्यासाठी लघुलेखन शिकायची अट होती. पुढे १९४१ साली इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा तिथल्या अभियांत्रिकी शाखेच्या सुमारे ४०० अध्यापकांत त्या एकट्या बाई होत्या.

डॉ. सॉलोमन बेर्सन यांच्यासोबत त्यांनी मधुमेहाच्या रुग्णांवर काम केले. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या रक्तात इन्सुलिनला धरणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात, हे त्यांना दिसले. त्या काळच्या जाणकारांना हे पटेना, निबंध नाकारला गेला. शेवटी शीर्षकातला ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढल्यावर तो छापला गेला. ते साल होते १९५६. त्याच वर्षी मधुमेहाने खंगलेल्या शरीरानिशी बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला. कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून बघा, ही तथागतांची शिकवण. यालो आणि बेर्सन यांनीही तेच केले आणि पुढे त्याच अँटिबॉडीच्या मदतीने रक्तातले इन्सुलिन मोजण्याची पद्धत उभी केली. १९७७ साली यालोंना नोबेल मिळाले. बेर्सन १९७२ मध्येच वारले होते. दोघांनीही या शोधाचे पेटंट घेतले नाही. ही विद्या सगळ्यांना मोकळी राहावी, ही त्यांची भूमिका होती.

त्या पद्धतीत खूण म्हणून किरणोत्सारी आयोडीन वापरत. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने हे काम आपल्याकडे रुजवले, आणि नवी मुंबईत वाशीला सरकारी ‘ब्रिट’ संस्थेने थायरॉइडच्या तपासणीचे किट बनवले. पण किरणोत्सारी पदार्थ ठेवायला परवाना लागतो, खास खोली लागते, आणि आयोडीन-१२५ ची ताकद साठ दिवसांत निम्मी होते. तालुक्याच्या गावी हे कसे जमणार? १९७१ मध्ये रंग बदलणारी एलायझा आली, आणि त्यानंतर उजेडाची ही पद्धत. तिला किरणोत्सार लागत नाही आणि निकाल तासाभरात मिळतो. म्हणूनच आज जिल्ह्याच्या ठिकाणी ती सर्रास दिसते.

मग महाग का?

यालोंनी विद्या मोकळी सोडली, पण बाजाराने तिला पुन्हा कुलूप घातले. बहुतेक यंत्रे ‘बंद’ पद्धतीची असतात. ज्या कंपनीचे यंत्र, तिचेच बारकोड लावलेले रसायन त्यात चालते. यंत्र स्वस्तात किंवा फुकट बसवून देतात आणि पैसे रसायनातून वसूल करतात. तुमच्या रिपोर्टच्या बिलात त्या छोट्या डबीची किंमत असते.

ही रसायने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात वीज जाते. रसायन तापले तर उजेड कमी पडतो आणि आकडा चुकू शकतो. तीच गोष्ट नमुन्याची. रावेर, चोपडा, शिरपूर, साक्रीहून नळ्या दुचाकीच्या डिकीत उन्हातान्हात आल्या तर रक्तपेशी फुटतात. म्हणून विचारा, रक्त वेगळे करून बर्फाच्या डब्यातून पाठवता का? रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि लॅबमध्ये पोचल्याची वेळ छापलेली असते, ती बघा. असे विचारण्यात उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर

एक. थायरॉइडचा आकडा दोन लॅबमध्ये वेगळा आला म्हणजे एक लॅब खोटी, असे नाही. प्रत्येक यंत्राच्या अँटिबॉडी आणि रसायने निराळी असतात. टीएसएच दिवसभरातही कमी-जास्त होते. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, सकाळी गोळी घेण्याआधी रक्त द्या. आकडा त्याच रिपोर्टवरच्या मर्यादेशी ताडून पाहा. गरोदरपणात मर्यादा वेगळी असते. शेजारणीच्या आकड्याशी तुलना करून गोळी वाढवू किंवा बंद करू नका.

दोन. केस गळतात म्हणून मेडिकलवाल्याकडून बायोटिनच्या गोळ्या घेतल्या जातात. बऱ्याच कंपन्यांच्या रसायनांत बायोटिनचाच सांधा असतो. रक्तात बायोटिन भरपूर असले की हा सांधा जुळत नाही. टीएसएच खोटे कमी आणि टी-फोर खोटे जास्त दिसू शकते. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही धोका लपू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला आहे. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी सांगा. किती दिवस बंद ठेवायची, ते डॉक्टर गोळीच्या ताकदीवरून सांगतील.

तीन. एचआयव्ही, कावीळ ‘ब’ किंवा ‘क’ च्या रिपोर्टवर ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आले म्हणजे आजार पक्का, असे समजू नका. ही पहिली चाळणी आहे. ती मुद्दाम बारीक ठेवलेली असते, त्यामुळे कधी कधी निरोगी माणूसही तिच्यात अडकतो. एचआयव्हीची खात्री सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. वस्तीत कुणाचा कागद मोठ्याने वाचला जात असेल तर तो थांबवणे आपले काम आहे. ज्या समाजाने विटाळाचा मार खाल्ला, त्याने आजाराचा विटाळ पाळू नये.

चार. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत रक्तदान होते. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’, मलेरिया आणि सिफिलिससाठी तपासणी बंधनकारक आहे. रक्तपेढीकडून बोलावणे आले तर घाबरून टाळू नका, जाऊन भेटा.

पाच. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये कॅन्सरच्या म्हणून सीए-१२५, सीईए अशा तपासण्या घातलेल्या असतात. काही त्रास नसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग होत नाही, उलट खोटी भीती बसते. ते पैसे घरातल्या दूध-डाळीला लावा.

बाळासाठी एकच प्रश्न

सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. काही बाळे थायरॉइडच्या कमतरतेसह जन्मतात. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एक असे प्रमाण आहे. सुरुवातीला काहीच दिसत नाही. बाळ झोपून राहते, कमी रडते, कावीळ लवकर उतरत नाही, पोट साफ होत नाही. घरात म्हणतात, किती गुणाचं बाळ, त्रासच देत नाही! तोवर मेंदूची वाढ मागे पडत असते आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. जन्मानंतर तीन ते पाच दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच मोजता येते. शंका आली तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखे वाढते. ही गोळी अगदी स्वस्त असते. म्हणून बाळंतिणीला घरी नेण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा, “बाळाचं टीएसएच केलं का?”

पैसे कुठे लागत नाहीत?

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत ‘महालॅब’मार्फत रक्ताच्या अनेक तपासण्या मोफत होतात. नमुना तिथेच घेतात आणि तो मोठ्या प्रयोगशाळेत जातो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार व तपासण्या निःशुल्क आहेत. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या खात्याखाली येतात, म्हणून तिथे आधी खिडकीवर दर आणि सवलत विचारा, रेशनकार्ड जवळ ठेवा. डॉक्टरांनी बाहेरची चिठ्ठी दिली तर आधी विचारा, ही तपासणी इथे होते का?

शेवटी आई-वडिलांना एक विनंती. या यंत्रांसमोर बसायला शिकलेली माणसे लागतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलीला वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेची, म्हणजे डीएमएलटीची माहिती द्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अर्ज महाडीबीटीवर भरता येतो. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या धांदलीत तिथेच गाडी अडते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला भीमस्मृती यात्रेसाठी जमलो, की पुस्तकांच्या स्टॉलवर एवढी चर्चा नक्की करा, यंदा आपल्या वस्तीतली कोणती मुलगी हा अर्ज भरते आहे.