निसरपूरचा धडा

दारी आलेल्या भुकेल्याला भाकर द्यावी, ही शिकवण आपल्या कुटुंबांतून आईच्या मांडीवरच मिळते. परंतु तो मनुष्य भुकेला का झाला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. दारिद्र्य हटविण्यासाठी सेवाभावी संस्थांनी काय करावे, याचे उत्तर बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे. म्हणून निसरपूरची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहो.

निसरपूर हे मध्यप्रदेशात, धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातील बाजाराचे गाव. शेतकऱ्याच्या आधाराने मजूर, कुंभार, मच्छीमार, दुकानदार असे सारेच तेथे पोट भरीत. गुजरातेतील सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि त्याच पावसाळ्यात निसरपूर पाण्याखाली गेले. या पाण्याने कच्छ-सौराष्ट्रातील तहानलेल्या गावांना दिलासा मिळाला, हे खरे. परंतु त्याची किंमत नर्मदाकाठच्या कुटुंबांनी मोजली, हेही तितकेच खरे.

कायदा त्यांच्या बाजूने नव्हता असे नाही. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्येच, ज्याची चतुर्थांशाहून अधिक जमीन बुडेल त्याला जमिनीच्या बदली किमान दोन हेक्टर जमीन द्यावी, असे ठरविले होते. पुढे मध्यप्रदेशात अनेकांच्या हाती जमिनीऐवजी रोख रक्कम, तीही हप्त्यांनी, पडू लागली. दुसरा हप्ता खरेदीखत दाखविल्यावरच मिळे. गरजू माणसे, दलाल आणि हप्त्याची ही अट यांतून बनावट खरेदीखतांचे पेव फुटले. उच्च न्यायालयाला त्यासाठी न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. आणि ज्याच्या नावे जमीनच नव्हती, त्या मजुराला बदली जमीन कोठली? अशा रीतीने काल ज्याला दोन घास होते, तो आज याचक होतो. येथे दारिद्र्य आकाशातून पडलेले नाही. ते माणसाच्या हातून घडले आहे.

अशा वेळी नुसते धान्य वाटून भागत नाही. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखालील नर्मदा बचाव आंदोलनाने गावोगावच्या कुटुंबांच्या नोंदी केल्या, दावे लढविले, उपोषणे केली. ८ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कोणत्याही दानपेटीतून हे साधले नसते. याच आंदोलनाने सातपुड्यात ‘जीवनशाळा’ काढल्या. जेथे सरकारी शाळा नावापुरती होती, तेथील आदिवासी मुले आपल्या बोलीच्या आधाराने अक्षर शिकली.

तरीही संस्थांची मर्यादा ओळखली पाहिजे. निसरपूर बुडावयाचे ते बुडालेच. संस्था ही शासनाची जागा घेऊ शकत नाही. ती शासनाला त्याच्या कर्तव्याची आठवण देऊ शकते, आणि दुबळ्याच्या बाजूला उभी राहू शकते.

मग अन्नदान व्यर्थ काय? मुळीच नाही. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने मित्रांसह जो सेवेचा संघ स्थापिला, आणि जो आज संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून अनेक धर्मग्रामांत कार्य करतो, त्याची रीत गरिबाच्या घरी जाऊन बसण्याची आहे. घरी गेल्यावरच कळते की विधवेचे निवृत्तिवेतन अडले आहे, शिधापत्रिकेत नाव नाही, अथवा सातबारा सावकाराकडे पडून आहे. १९१८ मध्ये वसईत उभी राहिलेली कॅथॉलिक सहकारी पतसंस्था, आजची बॅसीन कॅथॉलिक बँक, हीही याच विचाराची साक्ष देते: हात पसरण्याची पाळी येण्यापूर्वीच हातभार मिळावा.

वाचकहो, पुढल्या वेळी गरजू शेजाऱ्याकडे शिधा घेऊन जाल, तेव्हा क्षणभर थांबून त्याचे कागदपत्रही पाहा. तहसील कचेरीत त्याच्यासोबत घालविलेला एक दिवस कित्येक पायली तांदळाहून मोलाचा ठरेल. भाकर आजची भूक भागविते, न्याय उद्याची.