आधी बाटलीचे तापमान, मग हॉर्सपॉवर

गाडीला नायट्रस बसवू पाहणारा पहिल्यांदा विचारतो, ताकद किती वाढेल? जळगाव-धुळ्यात त्याने आधी तापमान विचारावे, असे माझे ठाम मत आहे. नायट्रस ऑक्साइड बाटलीत द्रवरूपात भरलेला असतो, आणि ३६.४ अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव राहत नाही. वीस अंशांना बाटलीतला दाब सुमारे ५० बार असतो, तर या टप्प्यावर तो ७२ च्या वर गेलेला असतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ गाठतो आणि उन्हातल्या गाडीची डिकी त्याहून तापते. हिवाळ्यात अचूक निवडलेले जेट, म्हणजे वायूचे माप ठरवणारे छिद्र, इथे भर दुपारी चुकीचे ठरते, कारण दाब वाढलेला असतो, घनता घटलेली असते आणि ठरवलेले माप उरलेले नसते.

हे माप इतके महत्त्वाचे का? नायट्रस स्वतः जळत नाही. साधारण तीनशे अंशांपुढे त्याचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने हवेत ऑक्सिजन २३ टक्के असतो, नायट्रसमध्ये ३६. जास्तीची ताकद मात्र जास्तीच्या पेट्रोलमधूनच येते. ऑक्सिजन आला आणि त्याच्या जोडीचे पेट्रोल कमी पडले, की मिश्रण लीन होते, इंजिन खडखडू लागते आणि पिस्टनचा माथा वितळायला लागतो. अशा इंजिनाचा प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकते ठिपके दिसतात. ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम असते. म्हणून नायट्रसबरोबरच पेट्रोल सोडणारी वेट सिस्टीम घ्यावी, सर्वांत लहान जेटपासून सुरुवात करावी, दर ५० हॉर्सपॉवरमागे ठिणगी साधारण दोन अंश मागे न्यावी आणि थंड प्रतीचे प्लग लावावेत. थ्रॉटल पूर्ण उघडलेला असताना, तीन हजार आरपीएमच्या वरच वायू सुटेल आणि पेट्रोलचा दाब पडताच तो बंद होईल, असे स्विच हवेतच. प्रत्येक फेरीनंतर प्लग पाहिल्याशिवाय जेट वाढवू नये. जोडण्यांना तेल-ग्रीस तर अजिबात लावू नये, कारण दाबाखालच्या नायट्रसच्या संगतीत ते पेट घेऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, तापलेली हवा विरळ असते, मग नायट्रसची खरी गरज इथेच नाही का? मुद्दा खरा आहे. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. शिवाय नायट्रस उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे आत जाणारी हवा गार होते. पण त्याच उन्हात रेडिएटर, तेल आणि सिलिंडर हेड आधीच तापलेले असतात. इंजिन खडखडण्याच्या काठावर असताना त्याच्यावर आणखी भार टाकणे महागात पडते. बाटलीला सेफ्टी डिस्क असते, हे दुसरे समाधान. ती फुटते तेव्हा बाटली वाचते, पण सगळा वायू बाहेर येतो. त्याची नळी गाडीबाहेर काढलेली नसेल, तर बंद काचांच्या आत माणूस गुदमरू शकतो.

रस्त्यावर तर हा प्रयोग नकोच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मुंबई-आग्रा महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर ट्रक, एसटी आणि दुचाकीवरची कुटुंबे असतात. ज्यांना खरोखर वेग अजमावायचा आहे, त्यांनी परवानगी असलेली ड्रॅग स्पर्धा गाठावी, तीही हिवाळ्यात. उन्हाळ्यात गाडी उभी असेल, तेव्हा बाटली काढून हवेशीर सावलीत ठेवा.