परांचीवरची उमेदवारी

परांचीचं दुखणं बहुतेकदा तिच्या पायाशी सुरू होतं. लातूर-नांदेडकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मृगाच्या सरी पडल्या की फुगून मऊ होते. अशा जमिनीत बांबू नुसता रोवला, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली बसायला वेळ लागत नाही. खाली दोन बोटं, पण तिसऱ्या मजल्यावर परांची चांगलीच झुकते. म्हणून जाणता मिस्त्री पायाखाली फळकूट सरकवतो. लोखंडी पाइप असेल तर आधी चौकोनी प्लेट आणि तिच्याखाली फळी. हे त्यानं कुठं वाचलेलं नसतं. त्याच्या मिस्त्रीनं कधीतरी शिव्या घालून शिकवलेलं असतं.

पेपरात तिला परांची म्हणतात, मुंबईकडे पहाड. साइटवर नुसतं ‘बांबू बांधा’ म्हटलं तरी पुरतं. उभे बांबू, त्यांना काटकोनात बांधलेले आडवे, आणि आडव्यावरून थेट भिंतीत शिरणारे छोटे तुकडे, ज्यांच्यावर फळ्या टाकायच्या. त्या तुकड्यांसाठी गवंडी विटांच्या भिंतीत भोकं ठेवतो आणि काम उतरताना वरून खाली येत एकेक बुजवतो. गिलावा झाल्यावर त्याचा मागमूस राहत नाही. हे सगळं आडवंउभं जाळं मात्र चौकटीसारखं एका बाजूला झुकू शकतं. ते धरून ठेवतो तिरपा बांबू, आणि घाईच्या कामात नेमका तोच गाळला जातो, कारण त्याच्यावर उभं राहून कुणी काम करत नाही.

आता बांबूची जागा पाइप घेतोय. बाहेरून ४८.३ मिलिमीटर व्यासाचा पाइप, काटकोनात घट्ट बसणारा एक क्लॅम्प आणि हव्या त्या कोनात फिरणारा दुसरा. एवढ्या तीन वस्तूंवर मोठमोठी कामं उभी राहतात. एच फ्रेम आणि कपलॉक या तयार जोडण्या आल्यापासून बांधणं आणखी सोपं झालं. सोपं झालं म्हणजे नवख्याच्या हाती लवकर गेलं, हीही त्याचीच दुसरी बाजू.

हे शिकण्याला मराठीत जुना शब्द आहे, उमेदवारी. इकडच्या साइटवर ती कागदावर न येता चालते. पोरगा बिगारी म्हणून लागतो. आधी खालून फळ्या देतो, मग पहिल्या टप्प्यावर उभा राहून वरच्याला बांबू पोचवतो, मग गाठ मारायला शिकतो. त्यानं मारलेली गाठ मिस्त्री हिसका देऊन बघतो. किती दिवसांत शिकला, याची नोंद कुणी ठेवत नाही. गुत्तेदार त्याची हजेरी वाढवतो, तेव्हा तो पास झाला असं समजायचं.

कागदावरची उमेदवारीही आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. एरवी वयाची चौदा वर्षं पुरी झाली की उमेदवार होता येतं, धोक्याच्या कामाला मात्र अठरा लागतात, आणि परांचीला अठरापेक्षा कमी कुणी मागूही नये. २०१९च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना किमान ५,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, दहावी झालेल्याला ६,०००. २०१६च्या राष्ट्रीय योजनेत त्यातला चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं सक्तीचं, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. आता आठ माणसांवर बंगला उठवणारा गुत्तेदार ‘ऐच्छिक’ या शब्दाचं काय करणार, हे सांगायला नको. शिवाय अड्ड्यावरची रोजंदारी विद्यावेतनापेक्षा जास्त पडते. घरी पैसे पाठवणारं पोरगं कराराकडे वळत नाही, यात त्याचं काय चुकलं?

ज्याला रीतसर शिकायचंच आहे, त्याला बहुधा जिल्हा सोडावा लागतो. लार्सन अँड टुब्रोनं १९९५मध्ये चेन्नईला बांधकाम-कौशल्यं शिकवणारी संस्था काढली, तिची शाखा पनवेलला आहे. लातूरची पोरं मेडिकलच्या तयारीसाठी कुठं जात नाहीत, उलट सगळा महाराष्ट्र लातूर पॅटर्नसाठी इथं येतो. त्या विद्यार्थ्यांची वसतिगृहं ज्यानं परांचीवर उभं राहून गिलावली, त्याच्यासाठी गावात वर्ग नाही. मला हे खटकतं.

कारण बांधकाम शिकवता येतं, हे याच जिल्ह्यानं दाखवलंय. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपानं किल्लारी हादरली. दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या पुनर्वसनात गावोगावच्या गवंड्यांना भूकंपाला टिकणारी बांधणी शिकवली गेली. ज्यांनी पाटी-पेन्सिल कधीच सोडली होती, अशा माणसांनी कामावर उभं राहून धडे घेतले.

ब्रिटनमध्ये परांचीवाल्याला कार्ड असतं. आधी शिकाऊ कार्ड, मग दोन टप्प्यांचं प्रशिक्षण, मधल्या काळात साइटवरचा अनुभव, शेवटी परीक्षा. आखातातल्या तेल कंपन्यांच्या साइटवरही तपासलेल्या परांचीला हिरवी पाटी लटकते, अपुरीला लाल. लाल पाटी असताना कुणी चढलं, तर चढणाऱ्यालाच नव्हे, चढवणाऱ्यालाही जाब विचारतात. प्रमाणपत्राची खरी किंमत मला तिथं दिसते. गाठ मारायला नांदेडचा मिस्त्री कमी पडत नाही. त्याच्या हाती नाही ती लाल पाटी. ‘चढ की रे, काही होत नाही’ म्हणणाऱ्या गुत्तेदाराला ‘आज नको, पाय बसलाय’ असं सांगून त्या दिवसाची हजेरी शाबूत ठेवण्याची मुभा.

कागदावर मजुराला आधार नाही असं नाही. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६च्या कायद्यानं कल्याणकारी मंडळं आणली. बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर त्यांच्याकडे जमतो. नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो मिळवताना परांची चढण्यापेक्षा जास्त दम लागतो, असं मजूर म्हणतात.

लाल पाटी हाती येईपर्यंत पद्धत जुनीच. सकाळी आठला मिस्त्री खालच्या उभ्या बांबूला एक लाथ हाणून बघतो, पायाखालचं फळकूट टाचेनं दाबतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर दोनदा. मग मान वर न करताच हाक देतो, ‘फळी घे अन् ये.’