एम अँड एम्स २०० (२०१९)

एम अँड एम्स २०० ही अमेरिकेतील नॅसकार संस्थेच्या ट्रक मालिकेतील शर्यत १६ जून २०१९ रोजी आयोवा राज्यातील न्यूटन येथील आयोवा स्पीडवेवर झाली. ती आदल्या दिवशी, शनिवारी, व्हावयाची होती. परंतु पावसामुळे रविवार सकाळपर्यंत पुढे ढकलण्यात आली. शर्यतीत रॉस चेस्टेन हा चालक सर्वांच्या पुढे अंतिम रेषा ओलांडून गेला. मात्र शर्यतीनंतरच्या तांत्रिक तपासणीत त्याचे वाहन नियमात न बसल्याने त्याला अपात्र ठरवण्यात आले आणि दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या ब्रेट मॉफिटला विजेता घोषित करण्यात आले. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या नियमाखाली विजेत्याचा विजय काढून घेतला जाण्याचा नॅसकारच्या प्रमुख मालिकांतील हा पहिलाच प्रसंग होता.

ट्रक मालिका

येथे ‘ट्रक’ या शब्दाने मराठी वाचकाचा गैरसमज होण्याचा संभव आहे. महामार्गावर दिसणारे मालवाहू अवजड ट्रक या मालिकेत धावत नाहीत. (तशा वाहनांची शर्यत भारतात २०१४ साली ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर टाटा प्राइमा ट्रक वापरून झाली होती, तिचा आणि या मालिकेचा संबंध नाही.) अमेरिकेत शेतकरी, कारागीर आणि छोटे व्यावसायिक मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी सर्रास वापरतात. २०१९ मध्ये शर्यतीतील वाहनाचे बाह्यरूप अशा पिकअपसारखे, म्हणजे शेव्हरोले सिल्व्हराडो, फोर्ड एफ-१५० किंवा टोयोटा टुंड्रा यांच्यासारखे होते. आतील सांगाडा व इंजिन मात्र केवळ शर्यतीसाठीच बनवलेले असते. नॅसकारने ही मालिका १९९५ मध्ये सुरू केली. संस्थेच्या तीन राष्ट्रीय मालिकांत २०१९ मध्ये कप मालिका सर्वोच्च, एक्सफिनिटी दुसरी आणि ट्रक मालिका तिसरी मानली जाई. वर चढू पाहणारे तरुण आणि वरून खाली आलेले अनुभवी चालक येथे एकत्र धावतात. २०१९ मध्ये प्रायोजकाच्या नावावरून मालिकेला ‘गँडर आउटडोअर्स ट्रक सिरीज’ असे नाव होते.

धावमार्ग आणि पाऊस

न्यूटन हे डी मॉइन या राजधानीच्या पूर्वेस असलेले छोटे शहर आहे. मेटॅग या धुलाईयंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे गाव म्हणून ते एकेकाळी ओळखले जाई. मक्याच्या शेतांनी वेढलेला हा धावमार्ग २००६ मध्ये सुरू झाला. माजी विजेता चालक रस्टी वॉलेस याचा त्याच्या रचनेत सहभाग होता. मार्गाची लांबी ०.८७५ मैल, म्हणजे सुमारे १.४ किलोमीटर आहे. २०० फेऱ्यांची ही शर्यत १७५ मैलांची, म्हणजेच सुमारे २८२ किलोमीटरची होती.

लंबवर्तुळाकार मार्गावरील शर्यत तेव्हा पावसात का होत नसे, हा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. अशा मार्गांवर या वाहनांच्या टायरांना तेव्हा खाचा नसत. कोरड्या रस्त्यावर रबराचा अधिकाधिक भाग जमिनीला चिकटावा म्हणून ते गुळगुळीत ठेवलेले असत. ओल्या पृष्ठभागावर पाणी बाहेर ढकलण्यास खाचा नसल्याने टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो आणि सुकाणूचा उपयोग होत नाही. त्यात वळणावर मार्ग एका बाजूस उतरता बांधलेला, शेजारी पक्की भिंत आणि अंगाला अंग लावून धावणारी तीसेक वाहने! म्हणून पाऊस थांबला तरी लगेच शर्यत सुरू होत नसे. गरम व दाबयुक्त हवेचे झोत सोडणारी यंत्रे फिरवून आधी मार्ग वाळवावा लागे. त्या शनिवारी पावसाने तशी संधी दिली नाही. त्याच रविवारी तेथे एक्सफिनिटी मालिकेची शर्यतही होती. त्यामुळे ट्रक शर्यत सकाळी उरकण्यात आली.

दोन चालक

चेस्टेन हा फ्लोरिडातील आल्वा गावचा. त्याचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडांची शेती करते आणि त्याच्या आठव्या पिढीत त्याचा जन्म झाला. शर्यत जिंकली की वाहनावर चढून कलिंगड जमिनीवर आपटून फोडायचे, अशी त्याची रीत आहे. आपल्याकडे शुभारंभाला नारळ फोडतात; हा गडी शेवटी फळ फोडतो. २०१९ साठी एक्सफिनिटी मालिकेतील एका मोठ्या संघात त्याला पूर्ण वर्षाची जागा मिळाली होती. मात्र डिसेंबर २०१८ मध्ये त्या संघाच्या प्रायोजक कंपनीवर संघीय तपास यंत्रणेची धाड पडली आणि नंतर तो संघच बंद झाला. त्यानंतर मिळेल त्या वाहनात बसण्याखेरीज चेस्टेनपुढे पर्याय नव्हता. १० मे २०१९ रोजी कॅन्सस येथे त्याने नीस मोटरस्पोर्ट्सच्या ४५ क्रमांकाच्या ट्रकमधून या मालिकेतील आपला पहिला विजय मिळवला. त्या छोट्या संघाचाही तो पहिलाच विजय होता.

पण नॅसकारच्या नियमानुसार चालकाला एका वर्षी एकाच मालिकेत अजिंक्यपदाचे गुण मिळतात आणि चेस्टेनने हंगामाच्या आरंभी एक्सफिनिटी मालिका निवडली होती. जूनच्या सुरुवातीस त्याने निवड बदलून ट्रक मालिका स्वीकारली. त्यामुळे कॅन्ससचा विजय अजिंक्यपदाच्या हिशेबात धरला गेला नाही आणि गुणांची मोजणी शून्यापासून सुरू झाली. अंतिम टप्प्यात प्रवेश मिळवण्यासाठी त्याला आता एक शर्यत जिंकणे आणि गुणतक्त्यात पहिल्या वीसांत येणे आवश्यक होते. आयोवाच्या शर्यतीचे महत्त्व त्याच्यासाठी एवढे मोठे होते.

मॉफिट हा आयोवा राज्यातीलच ग्राइम्स या गावचा रहिवासी, म्हणजे येथे घरचा माणूस. २०१८ मध्ये त्याने हीच शर्यत जिंकली होती आणि त्या वर्षीचे मालिकेचे अजिंक्यपदही मिळवले होते. तरीही त्याला संघ सोडावा लागला, कारण प्रायोजकाचा पैसा सोबत आणणाऱ्या दुसऱ्या चालकाला त्याची जागा देण्यात आली. अजिंक्यवीर बेकार होणे हे या खेळाच्या अर्थकारणाचे बोलके उदाहरण आहे. २०१९ मध्ये तो जीएमएस रेसिंगच्या २४ क्रमांकाच्या ट्रकमधून धावत होता आणि आयोवापर्यंत त्याला त्या हंगामात एकही विजय मिळाला नव्हता.

शर्यत व तपासणी

शर्यतीत फारशी चुरस झाली नाही. चेस्टेनने पहिले दोन्ही टप्पे जिंकले आणि २०० पैकी १४१ फेऱ्यांत आघाडी राखली. खरे नाट्य त्यानंतर तपासणीच्या जागेत घडले.

शर्यतीनंतर त्याच्या ट्रकची पुढील बाजू जमिनीपासून ठरलेल्या किमान उंचीपेक्षा खाली असल्याचे मोजमापात आढळले. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु वेगाच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही. वाहनाचे नाक जितके खाली, तितकी त्याच्या पोटाखाली कमी हवा शिरते. वरून वाहणारी हवा वाहनाला जमिनीकडे दाबते आणि वळणावर टायरांची पकड वाढते. म्हणून पुढची उंची किती असावी हे नियमाने बांधून दिलेले असते.

पूर्वी असा दोष आढळला तर संघाला दंड होई, गुण कापले जात. पण विजय मात्र चालकाच्या नावावर कायम राहत असे. शिवाय दोष अनेकदा दोन-तीन दिवसांनी, नॅसकारच्या केंद्रात केलेल्या तपासणीत उघड होई. रविवारी टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला मंगळवारी कळे की विजय निर्दोष नव्हता, आणि तरीही निकाल तोच! २०१९ च्या हंगामापूर्वी संस्थेने ही पद्धत बदलली. मुख्य तपासणी शर्यतीच्या जागीच, त्याच दिवशी करायची आणि दोषी वाहनाला थेट अपात्र ठरवून अखेरच्या स्थानी टाकायचे, असे ठरले. चेस्टेनवर नेमके हेच ओढवले. विजय, टप्प्यांचे गुण, सारे गेले आणि ३२ वाहनांत त्याची नोंद शेवटची झाली. विजेत्यासाठी ठेवलेले ५०,००० डॉलरचे विशेष पारितोषिकही मॉफिटकडे गेले.

अपील

नीस संघाने अपील केले. शर्यतीत ट्रकला झालेल्या किरकोळ नुकसानामुळे पुढचा भाग खाली बसला, मुद्दाम काही केलेले नाही, असे संघाचे म्हणणे होते. हे म्हणणे खोटे असल्याचे कोणी सिद्ध केले नाही. पण नियम हेतू विचारत नाही, मोजमाप विचारतो. अपात्रतेच्या प्रकरणांचा निकाल पुढील शर्यतीपूर्वी लागावा म्हणून सुनावणी तातडीने घेण्याची तरतूद होती. त्यानुसार १९ जून २०१९ रोजी समितीने अपील फेटाळले.

पूर्वीचे प्रसंग

त्या दिवसाला एक योगायोग चिकटलेला आहे. बरोबर ७० वर्षांपूर्वी, १९ जून १९४९ रोजी, शार्लट येथे नॅसकारच्या आजच्या कप मालिकेची पहिली शर्यत झाली आणि तिचाही विजेता तपासणीत बाद झाला होता. ग्लेन डनअवे याच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगांत बदल केलेला आढळला. चोरटी दारू वाहून नेणारे लोक त्या काळी मोटारी अशा मजबूत करून घेत. विजय जिम रोपर याला देण्यात आला. मोटारीच्या मालकाने न्यायालयात धाव घेतली. परंतु आपल्या शर्यतीचे नियम लागू करण्याचा संस्थेचा अधिकार मान्य करून न्यायालयाने दावा फेटाळला. त्यानंतर १९६० मध्ये विल्सन येथे एमॅन्युएल झर्व्हाकिस याचा विजय इंधनाची टाकी मोठी असल्याने रद्द झाला. पुढे कित्येक दशके कप मालिकेत तसे घडले नाही. ते घडले थेट २०२२ मध्ये, पोकोनो येथे. तेथे डेनी हॅमलिन आणि काइल बुश हे पहिले दोन्ही चालक बाद ठरले आणि एकाही फेरीत आघाडीवर नसलेला चेस एलियट विजेता झाला.

पुढील घडामोडी

अपील फेटाळल्यानंतर तीनच दिवसांनी, २२ जून रोजी, सेंट लुइसजवळील गेटवे येथे झालेली शर्यत चेस्टेनने जिंकली. त्याचा ट्रक या वेळी तपासणीत उत्तीर्ण झाला. जुलैमध्ये पोकोनो येथेही तो विजयी ठरला आणि पहिल्या वीसांत येऊन अजिंक्यपदाच्या फेरीस पात्र झाला. मॉफिटने त्या वर्षी एकूण चार शर्यती जिंकल्या; आयोवाचा विजय त्यांतला पहिला. नोव्हेंबरमध्ये होमस्टेड येथील अखेरच्या शर्यतीपर्यंत हे दोघेही अजिंक्यपदाच्या स्पर्धेत होते. परंतु अजिंक्यपद मिळाले मॅट क्राफ्टन याला, ज्याने संपूर्ण हंगामात एकही शर्यत जिंकलेली नव्हती. चेस्टेन दुसरा आणि मॉफिट तिसरा आला.